पहिली-दुसरीच्या मुलांना लिहितं करताना

जूनमध्ये पहिलीत बसलेल्या मुलाची वही दिवाळीच्या सुट्टीत उघडून पाहा. पानंच्या पानं 'क क क', मग 'ख ख ख', मग काना, मग मात्रा. अक्षर कदाचित छान वळणदारही असेल. त्याच मुलाला कोरा कागद द्या आणि म्हणा, "मामाकडे काय काय केलंस ते लिही बरं." बरीच मुलं पेन्सिल चावत तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. एखादं विचारतं, "बाई, फळ्यावर लिहून द्या ना." एवढे महिने त्याने अक्षरं काढली, पण स्वतःचं असं एक वाक्य लिहायची वेळ त्याच्यावर कुणी आणलीच नाही.

लेखनात दोन निरनिराळी कामं असतात. एक हाताचं: पेन्सिल धरणं, वळण, शिरोरेघ, काना-मात्रा जागेवर देणं. दुसरं म्हणण्याचं: काय सांगायचंय ते ठरवणं, ते मनात वाक्यात बसवणं आणि कागदावर उतरेपर्यंत लक्षात ठेवणं. मोठ्यांच्या हाताला पहिलं काम आपोआप जमतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. सहा वर्षांच्या मुलाला 'घ' काढतानाच इतकी मेहनत पडते की वाक्य तोवर विसरलेलं असतं. म्हणून वळणाचा सराव चालू असेल तेव्हा मुलाला विचार करायला लावू नका, आणि मूल काही सांगू पाहत असेल तेव्हा त्याच्या अक्षराकडे बघू नका. दोन कामांना दोन वेळा द्या, जमल्यास दोन वह्याही द्या. नुकतंच मूल शाळेत घातलेले आईबाबा आणि पहिलीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आलेले शिक्षक, दोघांनाही पुढचं सगळं याच धाग्याने वापरता येईल.

आधी हात

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती सगळी मऊ कूर्चेची असतात आणि एकेक करत टणक व्हायला दहा-बारा वर्षं जातात. साडेतीन वर्षांचं मूल चाररेघी वही ढकलून देतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा हात खरंच दमलेला असतो. तीन ते सहा या वयात खेळातून शिक्षण असावं असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलं आहे. तरी बालवर्गात गृहपाठ मागणारे पालक आणि तो देणाऱ्या शाळा, दोन्ही भरपूर आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा त्यांचं साहित्य म्हणजे आजूबाजूचे दगड, बिया, पानं, शंख-शिंपले हेच होतं. लिहिण्याच्या तयारीला आजही याहून महाग काही लागत नाही.

घरात करायच्या गोष्टी अशा: मटार सोलणं, शेंगा फोडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, कणकेच्या गोळ्या वळणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, हारासाठी फुलं ओवणं. रांगोळीला तर तोड नाही. चिमटीत रांगोळी धरून ती हळूहळू सोडताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जे करतात तेच पेन्सिल धरताना करायचं असतं, आणि ठिपका ठिपक्याला जोडताना डोळा-हात एकत्र चालतात. आजी दारात रांगोळी काढत असेल तर मुलाला बाजूची एक फरशी देऊन टाका.

खडूने भिंतीवर किंवा उभ्या फळ्यावर मोठमोठं काढू द्या. उभ्यावर काढताना मनगट आपसूक मागे वळतं आणि खांद्यालाही जोर येतो. परातीत पातळसा रवा पसरून त्यात बोटाने गिरवणं हा जुन्या धूळपाटीचाच प्रकार आहे, आणि चुकलं तर परात हलवली की झालं. रंगीत खडूचे मुद्दाम तुकडे करून द्या. दीड इंचाचा तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांनीच धरावा लागतो, त्यामुळे पकड न शिकवता येते.

अक्षरांकडे कधी वळायचं? मुलाला उभी रेघ, आडवी रेघ, गोल आणि अधिकचं चिन्ह बघून काढता आलं पाहिजे. अधिकचं चिन्ह साधारण चार वर्षांच्या आसपास जमतं. तिरक्या रेघा उशिरा जमतात. त्रिकोण काढायला पाच वर्षं लागतात. आपल्या र, स, श, ख यांत तिरकी रेघ आहे, म्हणून त्रिकोण जमेपर्यंत ही अक्षरं मागे ठेवली तरी चालतील.

बसणं, पेन्सिल, वही

याचा फार बाऊ नको. खुर्चीवर बसत असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत, खाली डबा किंवा पाट ठेवा. जमिनीवर बसत असेल तर वही जमिनीवर ठेवून वाकू देऊ नका. पुढे चौरंग हवा, नाहीतर मांडीवर एखादा पाट. पेन्सिल तीन बोटांत, टोकापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर वर. सुरुवातीला एचबीपेक्षा टूबी बरी, कारण ती कमी दाबात उमटते. रेघ पानाच्या मागच्या बाजूला उठत असेल तर मूल जास्त दाबतंय. काहीही न बोलता वहीखालचा पुठ्ठा काढून एक पातळ रुमाल ठेवा. दाबलं की कागद फाटतो आणि हात स्वतःच हलका होतो.

मराठीसाठी दुरेघी वही घ्या. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. ज्या घरात मूल दोन्ही लिप्या शिकतंय तिथे हे एकदा बोट ठेवून दाखवा, नाहीतर मराठी अक्षरं हवेत तरंगत राहतात.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. 'उजव्या हाताने लिही' म्हणून चापट मारण्याचे दिवस गेले असं आपण समजतो, पण घरोघरी ते अजून ऐकू येतं. डावखुऱ्याने वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलता ठेवावा, पेन्सिल जरा वरून धरावी म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही, आणि बाकावर डावीकडच्या कडेला बसावं. एवढ्याने शेजाऱ्याशी होणारी कोपराची मारामारी थांबते.

अक्षरांचा क्रम

'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत ओळीने जाण्याची काही गरज नाही. वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार रचली आहे, हाताच्या सोयीनुसार नाही. अ आणि इ ही खरं तर काढायला अवघड अक्षरं आहेत, आणि आपण तिथूनच सुरुवात करतो. जुने गुरुजी 'ग म भ न' पासून सुरुवात करत, त्यात शहाणपण होतं: वळणं एकमेकांच्या जवळची आणि सगळ्यांना उभा दंड. त्याच पद्धतीने गट पाडा. व, ब, क एका गटात. प, ष, फ दुसऱ्यात. ट, ठ, ढ एकत्र, त्यांच्या मागून ड आणि द. र आला की त्याच्यापाठी स आणि ख.

पण गट संपायची वाट पाहू नका. दोन-तीन अक्षरं आणि काना आला की लगेच शब्द करा: नग, मन, गाभा, मामा, नाग, मान, गाणं म्हणता येत नसलं तरी 'गा'. ज्या अक्षराचा शब्द होत नाही ते मुलासाठी नुसती नक्षी राहते. मुलाचं स्वतःचं नाव मात्र गटाबाहेर जाऊन पहिल्या आठवड्यातच शिकवा. त्यात जोडाक्षर असलं तरी हरकत नाही. नाव लिहायला मूल जेवढं कष्ट घेतं तेवढं दुसऱ्या कशाला घेत नाही.

आता शिरोरेघ. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी घाईत उरकली जाते. कित्येक मुलं आधी आडवी रेघ मारतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. त्यात घोटाळा असा की ध, भ, थ या अक्षरांची रेघ मध्ये तुटते. आधीच सलग रेघ मारली की 'धन' चा 'घन' होतो आणि 'भात' चा 'मात'. दुसरी काही मुलं प्रत्येक अक्षरावर वेगळी छोटी रेघ देतात, मग 'कमळ' हे क, म, ळ असं सुटं पडतं. शब्दातली सगळी अक्षरं आधी काढायची, शेवटी पूर्ण शब्दावर डावीकडून उजवीकडे रेघ द्यायची आणि ध-भ-थ आलं की पेन्सिल उचलायची. यातून आणखी एक फायदा होतो. शब्द कुठे संपला हे मुलाला ठरवावं लागतं, त्यामुळे दोन शब्दांत अंतर सोडण्याची सवय वेगळी लावावी लागत नाही.

काना, मात्रा, उकार फारसे त्रास देत नाहीत. त्रास देते पहिली वेलांटी. 'कि' म्हणताना क आधी ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी क च्या आधी बसते. मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहितं आणि वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. त्याला सांगा: आधी क काढ, मग मागे येऊन वेलांटी दे. तसंच 'रु' आणि 'रू'. सगळ्या अक्षरांना उकार पायाशी, र ला मात्र कमरेशी. मुलांना असली अपवादाची गंमत आवडते. 'र ला पायाला गुदगुल्या होतात' म्हटलं की वर्गभर लक्षात राहतं.

सरावाची पानं इंटरनेटवरून छापून घेताना ल आणि श तपासा. मराठीतला ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीच्या पानांवर ही दोन्ही अक्षरं वेगळ्या वळणाची असतात, आणि मोबाइलवरचे बरेच फॉन्टही तीच दाखवतात. पहिलीतल्या मुलाला पुस्तकात एक ल आणि घरच्या कागदावर दुसरा दिसला तर ते दोन वेगळी अक्षरं समजतं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं प्रमाण ठरवली आहेत. बालभारतीचं पुस्तक त्यासाठी सर्वांत सोपा आधार.

वळणाचा सराव दिवसाला दहा मिनिटं पुरे. एका अक्षराच्या पाच ओळींऐवजी एक ओळ, आणि त्या ओळीतलं सर्वांत छान अक्षर कोणतं ते मुलानेच शोधून त्याला गोल करायचा. पाच ओळी सांगितल्या की शेवटच्या दोन ओळी नेहमी पहिलीपेक्षा वाईट असतात. कोणतीही वही उघडून बघा.

बोललेलं कागदावर

हे काम अक्षरं यायच्या आधीपासून सुरू करता येतं, आणि माझ्या मते बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. मुलाने चित्र काढायचं, त्याबद्दल बोलायचं, आणि मोठ्या माणसाने ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहायचं. रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा.

समजा, नातू काहीतरी काळं गोळा काढून आजीकडे येतो.

"काय काढलंस रे बाळा?"

"म्हैस."

"आणि ही निळी फासटलेली काय?"

"पाणी आहे आजी. ती उठतच नाही. आबा ओरडतात."

आजी लिहिते: म्हैस पाण्यातून उठतच नाही. आबा ओरडतात. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणते. मग शब्दाशब्दावर बोट ठेवून दोघं वाचतात.

"यात आबा कुठायत, दाखव."

"हे बघ, इथे."

"मग त्यांचं नाव खाली तू काढ."

आ, बा. पाच वर्षांच्या मुलालाही जमण्यासारखं.

या पाच मिनिटांत मुलाला कितीतरी गोष्टी कळतात. आपण बोललो ते कागदावर राहतं, उद्या परत वाचलं तरी तेच निघतं, आणि बोलणं शब्दाशब्दांत तुटतं. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: वाक्य सुधारायचं नाही. 'आमची म्हैस पाण्यात डुंबत आहे' असं गोड करून लिहिलंत तर मूल ते वाचू शकणार नाही, कारण ते त्याचं वाक्यच नाही. मुलगी 'आई बोलली' म्हणाली तर 'बोलली' च लिहा, 'म्हणाली' नको. घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, पावरी बोलत असतील तर तेच शब्द देवनागरीत उतरवा. प्रमाण मराठी पुस्तकातून येणारच आहे, तिला घाई नाही. 'तुझ्या घरचं बोलणं वहीत चालत नाही' हे एकदा मुलाच्या मनात बसलं की ते वर्गात गप्पच होतं आणि पुढे लिहितही नाही.

दोन-तीन महिन्यांनी हळूहळू पेन्सिल त्याच्या हातात सरकवा. आधी शेवटचा शब्द त्याने लिहायचा. मग तुम्ही एक वाक्य, त्याने एक. मग चित्राखालची जागा कोरी सोडून तुम्ही पोळ्या करायला निघून जायचं.

आता स्वतःचं

'माझी शाळा', 'गाय', 'माझा आवडता सण' हे विषय दुसरीपर्यंत बाजूला ठेवा. गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला दोन शिंगे व एक शेपटी असते, ही वाक्यं राज्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहेत आणि ती लिहिताना एकाही मुलाने गायीकडे पाहिलेलं नसतं. विषय इतका लहान द्या की त्याचं पाठ केलेलं उत्तर असूच शकणार नाही. आज डब्यात काय होतं आणि ते कुणी खाल्लं? शेजारच्या कुत्र्याचं नाव काय, ते कुणी ठेवलं? तुला कशाचा राग आला? शाळेच्या वाटेवर सगळ्यात घाण वास कुठे येतो? हा शेवटचा प्रश्न कुठल्याही वर्गात टाकून पाहा, पानं कमी पडतात.

आणि लिहायला खरं कारण द्या. किराणा दुकानात जायच्या आधी यादी मुलाने लिहायची आणि दुकानात तीच यादी वापरायची. 'साकर' लिहिलं असलं तरी साखरच आणायची. 'तल' लिहिलं असेल तर तेल की तीळ हे त्यालाच विचारायचं, मात्रेचं महत्त्व तिथल्या तिथे कळतं. दूधवाल्याला चिठ्ठी. दिवाळीच्या किल्ल्यावर पाट्या: महादरवाजा, तोफ, विहीर, आणि 'हात लावू नये' ही तर हवीच. रुसून बसलेल्या मुलाला म्हणा, काय झालं ते चिठ्ठीत लिहून दाराखालून सरकव. तुम्हीही उत्तर चिठ्ठीनेच द्या. आजोळी पोस्टकार्ड टाकायचं असेल तर आजोबांना आधीच फोन करून ठेवा की उत्तर पत्रानेच द्या. उत्तर आलं नाही की मुलं दुसरं पत्र लिहीत नाहीत.

आता दुसरीतल्या मुलाने साधारण असं काही लिहून आणलं आहे असं धरू:

'काल लाइट गेलि. मि आनि दादा मेनबती लावलि. दादानि भुत केल. मि घबरलो नहि.'

बरेच जण लाल पेन काढतील आणि चार वाक्यांत दहा गोल करतील. आधी नीट वाचा. घटना ओळीने आल्या आहेत, पूर्णविराम जागेवर आहेत, आणि शेवटच्या वाक्यात मुलगा चक्क थोडी फुशारकी मारतोय. सात वर्षांच्या मुलाचं हे चांगलं लेखन आहे. म्हणून पहिला प्रश्न मजकुराचा: "दादाने भूत कसं केलं रे?" तो म्हणेल, "तोंडावर चादर घेतली." "मग ते लिही ना, मला कळलंच नाही." तो एक वाक्य वाढवतो. लिहिलेल्यात भर घालता येते, ही गोष्ट मुलाला पहिल्यांदा कळते ती अशीच.

मग चुकांपैकी एकच जात निवडा. इथे मी 'घबरलो' आणि 'नहि' घेईन, कारण काना त्याला ऐकू येतो, फक्त लिहायचा राहिला आहे. "हा शब्द वाच." तो अर्थावरून 'घाबरलो' वाचेल. "आता जे लिहिलंयस तेच वाच." "घ... ब... अरे, काना राहिला!" एवढं स्वतः सापडलं की आजचं काम झालं. 'मेणबत्ती' मधलं जोडाक्षर पुढच्या आठवड्यात. 'आणि' हा शब्द त्याला रोज लागणार, तो मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून टाका म्हणजे मान वर करून बघता येईल.

राहता राहिलं 'गेलि, लावलि, मि'. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ असतो. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांपासून हे ठरलेलं आहे. आणि, नि आणि परंतु, तथापि अशी संस्कृतातली अव्ययं तेवढी अपवाद. नियम सोपा आहे, पण पहिलीत नको. तिसरीच्या आसपास मुलांना एका बैठकीत कळतो आणि स्वतःच्याच जुन्या वहीतले 'गेलि' शोधून दुरुस्त करायला फार मजा येते. त्याआधी दोन वर्षं त्यासाठी गोल मारत बसलात तर मुलं ज्या शब्दांची खात्री आहे तेवढेच शब्द वापरू लागतात. बिनचूक आणि कंटाळवाण्या वह्या तयार होतात.

खोडरबराबद्दल एक सूचना: म्हणण्याच्या वहीसाठी तो देऊच नका. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे जायचं. नाहीतर एक शब्द पाच वेळा खोडून कागदाला भोक पडतं आणि वाक्य राहून जातं.

वर्गात

तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात, किंवा पहिली ते चौथी एका खोलीत असलेल्या द्विशिक्षकी शाळेत, हे सगळं प्रत्येकाशी बसून करणं शक्य नाही. ते करायचंही नाही. एक ठरलेली वेळ ठेवा, दुपारच्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं चांगली, कारण सुट्टीत काहीतरी घडलेलं असतं. आधी जोडीदाराला तोंडी सांगायचं, मग चित्र, मग लेखन. शेवटची पाच मिनिटं दोन-तीन मुलांनी उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी एक प्रश्न विचारायचा. त्या वीस मिनिटांत तुम्ही रोज पाचच मुलांजवळ बसा. आठवडाभरात बहुतेक सगळ्यांपर्यंत पोचता. बाकीच्या वह्या तपासल्या नाहीत म्हणून काही बिघडत नाही, फक्त पालकसभेत हे आधी सांगून ठेवा. लाल खुणा नसलेली वही पाहून पालक हमखास विचारायला येतात.

वर्गात मोठी मुलं असतील तर त्यांना कारकून करा. चौथीतली ताई पहिलीतल्या दोघांचं म्हणणं लिहून घेते, तिचाही सराव होतो. भिंतीवर शब्दांच्या पट्ट्या असू द्या, पण छापील तक्त्यापेक्षा मुलांनी मागितलेले शब्द बरे: ट्रॅक्टर, जत्रा, मोबाइल, वावर, बोअर. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल परत आलं की त्याला 'अभ्यास बुडाला' म्हणून वेगळं बसवू नका. फडावरच्या गोष्टी त्याच्याकडे इतक्या असतात की वर्गाला महिनाभर पुरतील.

अनुलेखन आणि श्रुतलेखन बंद करा असं मी म्हणणार नाही. दोन्हींचा उपयोग आहे, पण हाताच्या कामासाठी. श्रुतलेखनाला पाच शब्द द्या, आधी ते मुलांनी मोठ्याने म्हणून त्यातली अक्षरं बोटांवर मोजायची, मग लिहायचे, आणि तपासायचे ज्याचे त्याने फळ्यावर बघून. गुण द्यायचे नाहीत. दहापैकी तीन मिळालेल्या मुलाला आपल्याला लिहिता येत नाही हे कळतं, नक्की काय येत नाही ते कळत नाही.

इंग्रजी माध्यमातलं मूल

२०२० च्या कायद्यामुळे महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही पहिलीतच दोन लिप्या हाताळाव्या लागतात. शाळा दोन्ही एकदम सुरू करत असेल तर घरी तरी एका आठवड्यात एकाच लिपीचा सराव घ्या. म्हणणं मात्र नेहमी घरच्या भाषेत. मराठीत चार वाक्यं रचता आली की पुढे इंग्रजीतही रचता येतात, उलटं क्वचितच होतं. मूल 'आज स्कूलमध्ये खूप फन आली' लिहीत असेल तर लिहू द्या, अगदी देवनागरीत.

कुठे थांबून मदत मागायची

पहिलीत अक्षर उलटं काढणं, घ-ध आणि ब-व यांत गोंधळ, काना विसरणं हे सगळं नेहमीचं. दुसरी संपत आली तरी मूल ओळखीची अक्षरं आठवू शकत नसेल, फळ्यावरून उतरवताना ओळी गाळत असेल, तोंडी भरभरून सांगत असून दोन ओळी लिहिताना रडकुंडीला येत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वर्गातला 'आळशी' मुलगा पुष्कळदा फळा न दिसणारा निघतो. तिथे काही नसेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे; इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकांनी मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटावं. जाताना मुलाच्या दोन्ही वह्या बरोबर घ्या, वळणाची आणि म्हणण्याची, आणि सोबत त्याने तोंडी सांगितलेली एखादी गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून न्या. हातात अडचण आहे की म्हणण्यात, हे तपासणाऱ्याला त्यावरून लवकर कळतं.